सरदाराने जाळलेला खलिता

माझा स्वभाव तिरसट आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाची तक्रार नको. सत्तावीस वर्षं मी आवाज टिपायच्या यंत्रापुढे बसतो आहे. समोर काच, काचेपलीकडे एक चिमुकली खोली, तिच्यात माइक आणि माइकपुढे कुणीतरी उभं. ते कधी अस्वल असतं, कधी राजपुत्र, कधी मुलांना दात घासायला सांगणारा दात. दिवसभर असे आवाज कानात ओतून घेतले की संध्याकाळी माणसाला फक्त गप्प बसावंसं वाटतं. बायको म्हणते, तुमच्यापेक्षा भिंत बरी, ती निदान टीव्ही बंद करत नाही. असू दे. पण ताईंविषयी कुणीतरी नीट सांगायला हवं, आणि त्या दिवशी काचेच्या या बाजूला त्यांच्याशेजारी मीच होतो.

ताई आमच्या स्टुडिओतल्या लेखिका. वय अठ्ठावन्न. त्यांचा सख्खा धाकटा भाऊ आमच्याकडेच आवाज देतो आणि तो त्यांना ताई म्हणतो, म्हणून शिपायापासून मालकापर्यंत सगळ्यांच्याच त्या ताई झाल्या. लेखिका म्हटलं की लोकांना वाटतं, खिडकीशी बसून काहीतरी सुचत असेल. ताईंच्या खोलीला खिडकी नाही. त्यांचं काम दुसऱ्यांनी लिहिलेलं उसवून पुन्हा शिवायचं. कुणाचा विनोद चॅनेलला टोचला, कुणाचं वाक्य लांबलं, कुणी राक्षसाच्या तोंडी नको ते घातलं, की कागद ताईंच्या टेबलावर. वीस वर्षांत त्यांनी असे किती भाग निस्तरले त्याला गणती नाही. पडद्यावर नाव मात्र येतं ते आधीच्याचंच.

त्याआधी त्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायच्या. लग्न केलं नाही. वडील अंथरुणाला खिळलेले होते, ते बरीच वर्षं तसेच राहिले, आणि ते गेले तेव्हा ताईंची पस्तिशी आलेली. त्यांनी स्वतः हे मला कधी रडगाण्यासारखं सांगितलं नाही. एकदा फक्त म्हणाल्या, "अहो मशीनवाले, माझ्या आयुष्यात फार काही घडलंच नाही, त्यामुळे मला पाठ करायला सोपं जातं." मला त्या मशीनवाले म्हणतात. माझी त्याला हरकत नाही, कारण मालक मला त्याहून वाईट हाका मारतात.

आता त्यांच्या कामातली गंमत सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. आमच्याकडे बहुतेक वेळा चित्र आधी तयार असतं आणि शब्द नंतर बदलतात. चित्रातल्या माणसाचे ओठ जिथे मिटतात, तिथे नव्या वाक्यातही ओठ मिटणारं अक्षर यायला हवं. म, प, ब, भ, त्यातलं कुठलंही. तसं नाही जमलं तर चित्र एक बोलतंय आणि आवाज दुसराच येतोय, असं दिसतं, आणि लहान मुलांइतकं हे कुणाच्याच लक्षात येत नाही. म्हणून ताई टेबलावर हातातला लहान आरसा उभा करतात, त्यात बघत वाक्यं पुटपुटतात आणि पेन्सिलीने कागदावर मिटल्या ओठांच्या जागी टिंब देतात. नवीन आलेल्या मुली कुजबुजतात, या वयात किती तो नट्टापट्टा! त्यातल्या दोघींना मी झापलं होतं एकदा. चूक माझीच, त्यांना काम समजावून सांगायला हवं होतं.

तर आमची एक मालिका आहे, उडणाऱ्या मुलीची. ती आणि तिचे चार साथीदार मिळून शहर वाचवतात. दर आठवड्याला वाचवतात आणि दर आठवड्याला ते पुन्हा संकटात येतं. त्या चौघांतला एक आहे सरदार. जुन्या काळातला चिलखत घातलेला योद्धा, शेकडो वर्षं एका दगडी भिंतीत गोठून पडलेला, तिथून निघाला तो थेट आजच्या शहरात. हातात तलवार, डोक्यावर लोखंडी टोप आणि तोंडावर झडप. ऑफिसात त्याला सगळे चिलखत्या म्हणतात. लेखकांचा तो फार लाडका, पण त्याला कारण वेगळंच आहे. झडपेमुळे त्याचं तोंड दिसत नाही, म्हणजे ओठांची भानगड नाही. कधीही, काहीही त्याच्या तोंडी घाला. त्यामुळे या सात वर्षांत जो आला त्याने चिलखत्याला हवा तसा वळवला. पहिल्या वर्षी तो गर्विष्ठ होता, दुसऱ्या वर्षी विनोदी झाला, मध्ये काही महिने शाकाहारीसुद्धा होता.

फक्त एका दृश्यात त्याची झडप वर आहे. बेचाळीस सेकंद. ते दृश्य ताईंनी लिहिलेलं.

सात वर्षांपूर्वी मूळ लेखक मध्येच सोडून गेला आणि पहिल्या वर्षाचा शेवटचा भाग अर्धवट राहिला, तेव्हा मालकांनी ताईंना सांगितलं, तुम्हीच संपवा. वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना कोरा कागद मिळाला. त्यांनी लिहिलं ते असं. जुन्या काळात सरदार आणि त्याचा सोबती दोघे मिळून सीमेवरचा एक ओसाड किल्ला राखत होते. राजाकडून सोबत्याच्या नावाने खलिता आला: राजधानीत ये, तुला मान द्यायचा आहे. सोबती बाहेर होता. सरदाराने खलिता वाचला आणि चुलीत घातला, कारण सोबती गेला असता तर त्या किल्ल्यावर तो एकटा उरला असता. सोबत्याला आयुष्यभर वाटत राहिलं की राजाने आपल्याला बोलावलंच नाही. शेकडो वर्षांनी दोघे पुन्हा समोरासमोर येतात, सरदार झडप वर करतो आणि सांगतो, "खलिता मी जाळून टाकला. माझ्या हातानं. तू जाशील म्हणून." मुलांची मालिका, त्यामुळे सोबती लगेच मिठी मारतो आणि दोघे उडणाऱ्या मुलीला मदत करायला धावतात.

त्या वेळी आवाज आधी घेतला होता आणि चित्रकारांनी आवाजाबरहुकूम ओठ काढले होते. आवाज अर्थात ताईंच्या भावाचा. सरदाराचं सगळं काम तोच करतो. त्याने ती तीन वाक्यं एका दमात म्हटली, बाहेर आला, थर्मासमधलं गरम पाणी प्यायला आणि ताईंना म्हणाला, "मस्त लिहिलंयस गं. सरदार अगदीच डांबरट निघाला की!" ताईंनी मान हलवली. त्या दिवशी त्या डबा न खाता घरी गेल्या, एवढं मला आठवतं. मी आपला विचार केला, पित्त झालं असेल.

या वर्षी चॅनेलने ठरवलं की जुने भाग धुऊनपुसून पुन्हा दाखवायचे. त्यासाठी एक मॅडम आल्या. तिशीच्या आतल्या, बोलायला गोड, हातात यादी. मी त्यांना नावं ठेवणार नाही, त्या त्यांचं काम करत होत्या, आणि आमच्यातल्या निम्म्यांपेक्षा जास्त मन लावून करत होत्या.

"मुलांना सरदार फार आवडतो," मॅडम म्हणाल्या. "आता तो दप्तरांवर येणार आहे. पाण्याच्या बाटल्यांवर येणार आहे. दुसऱ्याचं पत्र जाळणारा माणूस दप्तरावर कसा चालेल, तुम्हीच सांगा ताई."

ताई म्हणाल्या, "पण तो कबूल करतो ना."

"कबूल करतो, पण केलेलं तर असतंच ना! पालकांची पत्रं येतात. खलिता हरवला असं करू या. वाऱ्याने उडाला, नदीत पडला, काहीही. त्याचा दोष नको. चित्र बदलता येणार नाही, तेव्हाची चित्र काढणारी कंपनी कधीच बंद पडली. फक्त शब्द. तुमच्यासाठी हा हातचा मळ आहे."

"आणि नाही जमलं तर?"

"तर मग दृश्यच काढून टाकावं लागेल," मॅडम म्हणाल्या. खरंच वाईट वाटल्यासारख्या म्हणाल्या. "पुढच्या शुक्रवारपर्यंत बघा."

हातचा मळ म्हणजे खरोखर हातचा मळ होता. तीन वाक्यं. एरवी ताईंनी चहा गार व्हायच्या आत लिहून दिली असती. पण सोमवार गेला, मंगळवार गेला, तो अख्खा आठवडा गेला. मी रोज विचारायचो, झालं का, आणि त्या रोज म्हणायच्या, ओठ बसत नाहीत. पुढच्या सोमवारी मी त्यांच्या खोलीत डोकावलो. आरसा उभा होता, कागदावर टिंबं नेहमीसारखी काढलेली होती, आणि टिंबांखाली एकही अक्षर नव्हतं. त्या आरशात बघत बसल्या होत्या, पण ओठ काही हलत नव्हते.

आता मी काही लेखक नाही. पण इतकी वर्षं ऐकून ऐकून कान तयार झालेला असतो. मी दारातल्या दारात उभं राहून चहा पिता पिता म्हटलं, "खलिता मध्येच हरवला. माझा काय गुन्हा? तू ऐकशील माझं?" बोटांवर मोजून दाखवलं. सगळे ओठ जागच्या जागी. "अजून एक पर्याय देऊ? शेवटी 'हा खेळच मोठा' असंही बसेल."

ताईंनी वर पाहिलं. "मला पहिल्याच दिवशी सुचलं होतं ते," त्या म्हणाल्या. "अगदी हेच."

"मग घोडं अडलं कुठे?"

"दार लावून घ्या," त्या म्हणाल्या.

मी दार लावलं आणि लगेच पस्तावलो. लोक मला काही सांगायला लागले की माझी नजर दाराकडे जाते. ऐकणं हा माझा धंदा आहे, फुकट ऐकायची मला हौस नाही. पण त्यांचा चेहरा असा झाला होता की निघून येणं माणुसकीला धरून नव्हतं.

त्यांनी सांगितलं ते एका बैठकीत, एकाच सुरात. चौतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आई जाऊन दोन वर्षं झालेली, वडील नुकते अंथरुणाला लागलेले, घरात त्या आणि एकवीस वर्षांचा भाऊ. वडिलांना उठवायचं, बसवायचं, धुवायचं, त्यांच्या शिव्या खायच्या, आणि मग छापखान्यात जायचं. भावाने न सांगता दूरच्या एका मोठ्या शहरात नाट्यशाळेची प्रवेशपरीक्षा दिली होती. आल्यावर ताईला तेवढं सांगितलं, वडिलांना नाही. दोन महिन्यांनी पत्र आलं. पत्र ताईंच्या हातात पडलं, कारण भाऊ औषधं आणायला गेला होता.

"उघडलंत?"

"उघडलं. वाचलं. गॅस पेटवलेलाच होता, वर पाणी तापत होतं." त्यांनी आरसा आडवा ठेवला. "मी विचार केला, एखादं वर्ष. बाबा काही फार दिवस काढणार नाहीत, ते गेले की त्याला म्हणेन, पुन्हा परीक्षा दे. बाबा अकरा वर्षं जगले, मशीनवाले."

"आणि तो?"

"तो आठ-दहा दिवस पोस्टमनच्या वाटेला डोळे लावून बसला. मग विचारायचं बंद केलं त्याने. नंतर रेडिओत लागला, मग इथे. कधी विषय काढला नाही. मला वाटतं, विसरला असेल."

मी चहाच्या कपाकडे बघत बसलो.

"सात वर्षांपूर्वी कोरा कागद मिळाला, तेव्हा मी ठरवून लिहिलं ते," ताई म्हणाल्या. "वाटलं, वाचताना तो थांबेल. विचारेल, हे तुला कुठून सुचलं? मग मी सांगेन. तो थांबलाच नाही. म्हणाला, मस्त लिहिलंयस. मग मीही स्वतःची समजूत घातली, की सांगून झालं. त्याच्याच तोंडून का होईना, पण बोललं गेलं. दर वेळी तो भाग लागला की मी बघते. आता तेही पुसायला मलाच बसवलंय."

खरं सांगतो, मला त्यांचा राग आला. दुसऱ्याच्या तोंडात आपली कबुली कोंबायची, त्याला पत्ताही लागू द्यायचा नाही, आणि वर समाधान मानायचं! मी तसं तोंडावर बोललो. म्हटलं, "ताई, ही कबुली नव्हे, ही लबाडी आहे. तुमचा चिलखत्या तुमच्यापेक्षा बरा, त्याने झडप तरी वर केली."

त्या रागावल्या नाहीत. फार दमलेल्या दिसल्या. "माहीत आहे मला ते," म्हणाल्या. "शुक्रवारी वाक्यं देते. त्याला सांगायचं की नाही ते तोवर ठरवते. नाही सांगितलं तर आता परत कधीच सांगणार नाही, एवढं मात्र नक्की. मला आता ओढवत नाही हे."

चार दिवस माझाच जीव टांगणीला लागला. घरी जेवणात लक्ष लागेना. बायको म्हणाली, आज तर भिंतीसुद्धा तुमच्यापेक्षा बोलक्या वाटतात. मी तिला काही सांगितलं नाही. एका बाजूने वाटायचं, पंचावन्न वर्षांच्या माणसाला आता हे सांगून काय मिळवायचंय? सुखात आहे बिचारा, गळ्याशी मफलर गुंडाळून येतो, गमती करतो, जातो. ताईंच्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून ते त्याच्या डोक्यावर का ठेवायचं? दुसऱ्या बाजूने वाटायचं, त्याचं पत्र होतं ते. त्याला कळायलाच हवं. दोन्ही बाजू पटायच्या आणि मी आणखीच वैतागायचो.

शुक्रवारी सकाळी अकराला तो आला. उंच, काटकुळा, बारा महिने मफलर. "काय मालक, यंत्र जिवंत आहे का?" मला मालक म्हणणं आणि हे विचारणं, हा त्याचा रोजचा विनोद. मी आज हसलो नाही, ते त्याच्या लक्षात आलं नाही, कारण मी तसाही फारसा हसत नाही. ताई माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसल्या होत्या. लेखिकेने तिथे बसायचं, वाक्य चुकलं तर समोरचं बटण दाबून आत सांगायचं, ही आमची पद्धत. बटण दाबलं की आतल्या माणसाला हेडफोनमध्ये ऐकू येतं. मॅडम येणार होत्या, पण त्यांचा निरोप आला की रस्त्यात अडकल्या आहेत, तुम्ही सुरू करा.

तो आत गेला, हेडफोन घातला, कागद वाचला. भुवया वर गेल्या.

"ताई, हे काय? सरदार आता निर्दोष?"

ताईंनी बटण दाबलं. "हो. वरून आलंय."

"बरं झालं बाबा. सात वर्षं बिचाऱ्यावर उगाच आळ." तो हसला. "घ्या मालक."

मी पडद्यावर दृश्य लावलं. सरदाराने झडप वर केली. आणि भावाने ती वाक्यं म्हटली: "खलिता मध्येच हरवला. माझा काय गुन्हा? तू ऐकशील माझं?" ओठ चपखल बसले. इतकं छान बोलला तो की ऐकणाऱ्याला त्या लोखंडी माणसाची कणव यावी. पहिल्याच फटक्यात काम झालं. मी ताईंकडे पाहिलं. आता त्यांनी नुसतं बरं म्हणायचं आणि मी पुढचं दृश्य लावायचं, एवढंच राहिलं होतं.

ताईंनी बटणावर बोट ठेवलं आणि ठेवूनच बसल्या. मला वाटलं, गेला हा क्षण.

मग त्या म्हणाल्या, "ऐक. तू नाट्यशाळेची परीक्षा दिली होतीस ना, त्याचं पत्र आलं होतं. मी जाळलं ते."

काचेपलीकडे तो कागदाची घडी घालत होता. घडी अर्धीच राहिली. मी यंत्रातून त्याचा श्वाससुद्धा ऐकू शकतो, आणि त्या वेळी मला काहीच ऐकू आलं नाही. मला उठून जायचं होतं. पण दार ताईंच्या खुर्चीमागे होतं.

"मला भीती वाटली होती," ताई बोलत राहिल्या, भराभर, जणू कुणी बटण काढून घेईल. "तू गेलास तर बाबा आणि मी. मला एकटीला ते झेपलं नसतं. मी स्वतःपुरता विचार केला. तुझं शिक्षण बुडवलं मी, तुला इथे अडकवलं. तुला काय बोलायचं ते बोल. मी ऐकते."

मग त्याने माइकजवळ तोंड आणलं. मला वाटलं, आता ओरडणार. मी सवयीने आवाजाचं बटण खाली आणलं.

तो म्हणाला, "म्हणजे मला घेतलं होतं?"

अगदी हळू. सरदाराचा आवाज नाही, त्याचा नेहमीचा गमतीचा आवाज नाही. असा आवाज मी त्याचा पूर्वी कधी ऐकला नव्हता.

ताईंना क्षणभर समजलंच नाही. त्यांनी चौतीस वर्षं या दिवसाची तयारी केली होती, रागाची केली होती, अबोल्याची केली होती. या प्रश्नाची केली नव्हती. मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, हा प्रश्न त्यांच्या स्वप्नातही कधी आला नव्हता. पत्र जाळलं तेव्हा त्यांनी त्याचं जाणं तेवढं जाळलं असं त्या धरून चालल्या होत्या.

"हो," त्या म्हणाल्या. "पहिल्या यादीत."

"नक्की?"

"नक्की. बारा जणांची यादी होती. तुझं नाव चौथं."

"अजून काय होतं?"

"छापील होतं सगळं. कधी यायचं, काय आणायचं. खाली मात्र कुणीतरी पेनाने लिहिलं होतं." ताईंना तो कागद तोंडपाठ होता, त्यांना आठवावं लागलं नाही. "'या मुलाचा चेहरा बोलतो. याने काहीही करून यावं.'"

तो माइकपासून मागे सरकला. त्या खोलीत एक स्टूल आहे, त्यावर तो बसला. कधी बसत नाही, बसून पोटातून आवाज निघत नाही म्हणतो. हेडफोन तसाच कानावर. त्याने दोन्ही तळव्यांनी तोंड झाकलं आणि खांदे हलायला लागले. मी मान वळवली. मला रडू आलं होतं, सांगायला लाज कसली. ताई काचेकडे बघत बसल्या होत्या, सरळ, आणि त्यांचं बोट अजून बटणावर होतं.

पाच-सात मिनिटांनी तो बाहेर आला. थर्मास उचलला, मफलर नीट केला. माझ्याकडे बघून म्हणाला, "ते पहिलं घेतलेलं चाललं ना?"

"चाललं," मी म्हटलं.

"मग जातो मी." ताई उठून उभ्या राहिल्या होत्या. तो त्यांच्या जवळून गेला, दारापाशी थांबला. मागे वळला नाही. दाराकडे तोंड करूनच बोलला.

"मला वाटायचं, मला येतच नाही, ताई," तो म्हणाला. "अजूनही वाटतं. आज इथे येतानाही वाटत होतं."

मग तो जिना उतरून गेला. थोड्या वेळाने मॅडम धापा टाकत आल्या, हेडफोन लावून ते दृश्य दोनदा ऐकलं आणि म्हणाल्या, "किती सुंदर झालंय! आता कुणाचाच दोष वाटत नाही." त्यांनी फॉर्म पुढे केला. त्यावर लेखिकेची सही लागते. ताईंनी माझं पेन मागितलं, सही केली आणि पेन मला परत दिलं.